लॅपटॉपवरचं कुबरनेटीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, म्हापसा, पर्वरी, मडगाव इथल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारी मुलंमुली, फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मंडळी आणि घरून काम करणारे फ्रीलान्सर यांच्याकडून कंटेनरबद्दल साधारण हेच प्रश्न येतात. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधून वेगळं चालवायची सोय, आणि ज्या साच्यातून तो सुरू होतो ती इमेज. डॉकर हे ती बनवायचं आणि चालवायचं टूल, कुबरनेटीस ही असे अनेक कंटेनर सांभाळणारी यंत्रणा. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: सत्तरीतल्या होमस्टेंचं बुकिंग घेणारी एक साइट. तिचे भाग तीन. ब्राउझरला उत्तर देणारा एपीआय, पोस्टग्रेस डेटाबेस, आणि बुकिंग पक्कं झालं की पावतीची पीडीएफ बनवून मेल करणारा वर्कर. कमांड आपण तोंडाने म्हणतो तशा लिहिल्या आहेत.

लॅपटॉपवर कुबरनेटीस चालवायची मुळात गरज आहे का?

सगळ्यांना नाही. तुमची साइट शेवटी एकाच सर्व्हरवर डॉकरने चालणार असेल तर डॉकर कंपोज पुरेसं आहे. तिन्ही भाग एका फाइलमध्ये लिहायचे, ‘डॉकर कंपोज अप’ म्हणायचं आणि कामाला लागायचं. नवीन माणूस टीममध्ये आला की त्यालाही पहिल्याच दिवशी सगळं चालू करून देता येतं.

प्रॉडक्शन, म्हणजे गिऱ्हाइकं वापरतात ती खरी साइट, कुबरनेटीसवर असेल तर मात्र लॅपटॉपवर छोटा क्लस्टर (कुबरनेटीसने एकत्र बांधलेला मशीनचा गट) ठेवाच. मेमरीची मर्यादा, रेडिनेस प्रोब (भाग काम घ्यायला तयार आहे का याची तपासणी), सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती), सर्व्हिसची नावं (भागांनी एकमेकांना शोधायचे पत्ते) या गोष्टी कंपोजमध्ये वेगळ्या तऱ्हेने चालतात. त्यांतल्या चुका कंपोजवर दिसतच नाहीत आणि मग थेट गिऱ्हाइकासमोर येतात. क्लस्टर आकाराने प्रॉडक्शनसारखा असायची गरज नाही, एक नोड, म्हणजे क्लस्टरमधलं एक मशीन, खूप झाला. पण इमेज तीच हवी, मर्यादा त्याच हव्यात आणि वेळेचा हिशेबही तोच हवा. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख याच गोष्टीकडे आहे.

मिनीक्यूब, काइंड, के३डी: यांतलं कोणतं घेऊ?

लॅपटॉपवर क्लस्टर उभा करणारी ही तीन टूल. तिन्ही चांगली आहेत आणि तिन्ही फुकट आहेत. मिनीक्यूब सगळ्यात जुनं, २०१६ पासूनचं. डॅशबोर्ड, इनग्रेस (बाहेरून आलेली विनंती योग्य भागाकडे पोचवणारा), मेट्रिक्स सर्व्हर हे सगळं एकेका कमांडने चालू करता येतं, म्हणून शिकणाऱ्याला ते सोपं जातं. त्याला किमान २ सीपीयू, २ जीबी मोकळी रॅम आणि २० जीबी डिस्क लागते. काइंडमध्ये प्रत्येक नोड म्हणजे डॉकरचा एक कंटेनर असतो. ते पटकन उभं राहतं, पटकन पुसता येतं, आणि टेस्ट चालवणाऱ्या सीआय सर्व्हरवरही तेच वापरता येतं. के३डी हे के३एस नावाचं हलकं कुबरनेटीस डॉकरमध्ये चालवतं. एकाच सर्व्हर नोडवर ते एटसीडी या कुबरनेटीसच्या नेहमीच्या डेटाबेसऐवजी एसक्यूलाइट वापरतं, त्यामुळे रॅम कमी खातं, आणि ‘ट्रॅफिक’ (Traefik) नावाचा इनग्रेस त्यात आधीपासूनच असतो.

माझं मत विचाराल तर शिकायला मिनीक्यूब, रोजच्या कामाला काइंड, आणि मशीन अशक्त असेल तर के३डी. एक निवडा आणि टीममध्ये सगळ्यांनी तेच वापरा. तिघांकडे तीन वेगळी टूल असली की एकाची अडचण दुसऱ्याला दिसत नाही आणि निम्मा दिवस त्यातच जातो.

माझ्या लॅपटॉपला ८ जीबीच रॅम आहे. जमेल का?

जमेल, पण जपून. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) स्वतःहून मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. वर ब्राउझर आणि एडिटर उघडले की मशीन अडखळायला लागतं. आपल्या यूजर फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाच्या फाइलीत मेमरी ४ जीबीवर बांधून घाला आणि ‘डब्ल्यूएसएल शटडाउन’ देऊन पुन्हा सुरू करा. क्लस्टर एकाच नोडचा ठेवा. आपण ज्या भागावर काम करत नाही तो चालू ठेवू नका. पावतीच्या वर्करला आठवडाभर हात लावायचा नसेल तर त्याची रेप्लिका, म्हणजे चालू प्रतींची संख्या, शून्यावर आणा.

उबंटूवर काम करायची तयारी असेल तर त्याच ८ जीबीत बरीच जास्त जागा मिळते, कारण तिथे डॉकर इंजिन थेट चालतं, मध्ये आभासी मशीन लागत नाही.

डॉकर डेस्कटॉपला पैसे द्यावे लागतात का?

वैयक्तिक वापराला, शिक्षणाला आणि छोट्या कंपनीला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये नियम बदलले. ज्या कंपनीत २५० हून जास्त कर्मचारी आहेत किंवा जिचं वार्षिक उत्पन्न १ कोटी डॉलरच्या वर आहे, तिला सशुल्क योजना घ्यावी लागते. वेर्ण्याच्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या आयटी विभागात असाल तर आधी कंपनीला विचारा. लिनक्सवरचं डॉकर इंजिन मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला ही अट नाही. रँचर डेस्कटॉप, पॉडमन आणि मॅकवर कोलिमा हे पर्यायही आहेत.

इमेज माझ्याच मशीनवर बनवली, ‘डॉकर इमेजेस’ मध्ये दिसतेही. तरी पॉड ‘इमेजपुलबॅकऑफ’ म्हणतो. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहितो. पॉड म्हणजे कुबरनेटीस चालवतं ते सगळ्यात लहान एकक, आत एक किंवा जास्त कंटेनर. ‘इमेजपुलबॅकऑफ’ म्हणजे त्याला इमेज आणता आली नाही.

तुमच्या लॅपटॉपवरचं डॉकर आणि क्लस्टरच्या आतलं कंटेनरडी (तिथे कंटेनर चालवणारा प्रोग्राम) ही दोन वेगळी गोदामं आहेत. तुम्ही बनवलेली इमेज पहिल्यात असते. पॉड दुसऱ्यात शोधतो, तिथे सापडत नाही, मग इंटरनेटवर डॉकर हबला, म्हणजे इमेजांच्या सार्वजनिक साठ्याला, विचारतो. तिथे ‘होमस्टे-एपीआय’ नावाचं काही नसतंच, म्हणून ही चूक दिसते. इमेज आत न्यावी लागते: काइंडमध्ये ‘काइंड लोड डॉकर-इमेज’, मिनीक्यूबमध्ये ‘मिनीक्यूब इमेज लोड’, के३डीमध्ये ‘के३डी इमेज इम्पोर्ट’.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. तरीही अडतं ते टॅगमुळे, म्हणजे इमेजच्या नावापुढे लिहिलेल्या आवृत्तीच्या खुणेमुळे. टॅग दिला नाही किंवा ‘लेटेस्ट’ दिला तर कुबरनेटीस पुलची (इमेज बाहेरून आणायची) पॉलिसी आपणहून ‘ऑल्वेज’ धरतं. म्हणजे इमेज आत आणून ठेवली असली तरी पॉड बाहेर विचारायला जातोच. दुसरा कुठलाही टॅग दिला की पॉलिसी ‘इफ नॉट प्रेझेंट’ होते आणि आतली इमेज चालते. म्हणून ‘होमस्टे-एपीआय:डेव्ह-१’ असं काहीतरी नाव द्या. प्रत्येक बिल्डला टॅग बदलला तर आणखी चांगलं: टॅग तोच राहिला तर डिप्लॉयमेंटच्या (कोणती इमेज, किती पॉड हे सांगणाऱ्या फाइलीच्या) मजकुरात काहीच बदलत नाही, कुबरनेटीस नवा पॉड काढत नाही, आणि तुम्ही जुनाच कोड चालवत बसता. गिट कमिटचे पहिले सात अंक-अक्षरं टॅग म्हणून वापरली की हा घोळ उरत नाही.

आमच्या घरी वाळपईला नेट फार कमी. इमेज उतरायला तास जातो.

गावाकडून काम करणाऱ्यांची ही अडचण खरी आहे, आणि पावसाळ्यात ती वाढते. उपाय तीन आहेत.

पहिला म्हणजे पेनड्राइव्ह. पणजीत किंवा ऑफिसात चांगलं नेट असेल तेव्हा लागणाऱ्या सगळ्या बेस इमेज उतरवून घ्या, ‘डॉकर सेव्ह’ने त्यांची टार फाइल करा, घरी ‘डॉकर लोड’ करा. काइंड तर ‘लोड इमेज-आर्काइव्ह’ने ती टार थेट क्लस्टरमध्ये घेतं. काइंडच्या नोडची इमेजही अशीच आणा, कारण ती एकटीच काही शे एमबीची असते.

दुसरा, डॉकरफाइलमधला, म्हणजे इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलीतला, क्रम. आधी फक्त पॅकेजांची यादी कॉपी करा, ती इन्स्टॉल करा, आणि मग आपला कोड कॉपी करा. उलट केलं तर एक ओळ बदलली तरी सगळी पॅकेजं पुन्हा नेटवरून येतात. सोबत नको त्या फाइली बाहेर ठेवणारी ‘.डॉकरइग्नोर’ फाइल हवीच.

तिसरी गोष्ट हॉस्टेल आणि को-वर्किंग जागांची. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून इमेज उतरवण्यावर मर्यादा आणली आहे. लॉगिन न केलेल्यांची मोजदाद आयपी पत्त्यावरून होते. एका वायफायवर पन्नास जण असतील तर ते पन्नास जण एकाच खात्यातून खर्च करत असतात आणि ‘टू मेनी रिक्वेस्ट्स’ असा नकार येतो. फुकट खातं उघडून ‘डॉकर लॉगिन’ करा. मात्र हे लॉगिन क्लस्टरच्या आतल्या कंटेनरडीला कळत नाही, म्हणून इमेज लॅपटॉपवर उतरवून आत लोड करणंच बरं.

एपीआयला डेटाबेस सापडत नाही. पत्ता लोकलहोस्टच दिलाय.

कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. कंपोजमध्ये सर्व्हिसचं नाव हाच पत्ता, कुबरनेटीसमध्येही सर्व्हिसचं नाव. डेटाबेस लॅपटॉपवर बाहेर चालत असेल तर डॉकर डेस्कटॉपमध्ये ‘होस्ट.डॉकर.इंटर्नल’ आणि मिनीक्यूबमध्ये ‘होस्ट.मिनीक्यूब.इंटर्नल’ चालतं. साध्या लिनक्सवर पहिलं नाव आपोआप मिळत नाही, ते ‘होस्ट-गेटवे’ देऊन जोडावं लागतं.

कंपोजमध्ये आणखी एक: ‘डिपेंड्स ऑन’ लिहिलं म्हणजे डेटाबेस तयार होईपर्यंत एपीआय थांबेल असं नाही. तो फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट बघतो. पोस्टग्रेसला हेल्थचेक लावा आणि अट ‘सर्व्हिस हेल्दी’ अशी द्या.

पॉड चालू आहे, पण ब्राउझरमध्ये साइट उघडत नाही.

सगळ्यात सोपं ‘क्यूबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड’. क्यूबसीटीएल ही कुबरनेटीसला हुकूम द्यायची कमांड, आणि पोर्ट-फॉरवर्ड लॅपटॉपचं पोर्ट पॉडला जोडतं. पॉड बदलला की ते तुटतं, तेव्हा पुन्हा द्यावं लागतं. कायमची सोय हवी असेल तर काइंडमध्ये पोर्ट क्लस्टर बनवतानाच ‘एक्स्ट्रा पोर्ट मॅपिंग्ज’मध्ये सांगावं लागतं, नंतर जोडता येत नाही. नोडपोर्ट (नोडवर थेट उघडलेलं पोर्ट) घ्याल तर तो ३०००० ते ३२७६७ मधलाच मिळतो. लोडबॅलन्सर प्रकारच्या सर्व्हिसचा बाहेरचा पत्ता ‘पेंडिंग’च राहिला तर घाबरू नका. लॅपटॉपवर तो द्यायला क्लाउड कंपनी नसते. मिनीक्यूबमध्ये ‘मिनीक्यूब टनेल’ चालवा, के३डीत ती सोय आधीच आहे.

मॅकवाल्यांसाठी: ५००० पोर्ट आधीच कोणीतरी धरलेलं दिसलं तर ते बहुधा एअरप्ले रिसीव्हर असतं. सेटिंगमध्ये बंद करता येतं.

दर ओळीला इमेज बनवून लोड करायची का?

छे. कोड लिहिण्याचा बराचसा वेळ एपीआय कंटेनरबाहेर नेहमीसारखा चालवा, डेटाबेस तेवढा कंटेनरमध्ये ठेवा. काम एका टप्प्यावर आलं की इमेज बनवून क्लस्टरमध्ये तपासा. हेच आपोआप व्हावं असं वाटत असेल तर स्कॅफोल्ड किंवा टिल्ट फाइल बदलली की बिल्ड, लोड आणि डिप्लॉय करतात. कंपोजमध्ये २०२३ पासून ‘वॉच’ आहे.

विंडोजवर फाइल सेव्ह करूनही काही हालत नसेल तर प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर आहे का पाहा. तिथल्या बदलांची वर्दी लिनक्सला पोचत नाही, आणि वाचणंही हळू असतं. प्रोजेक्ट डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये हलवा.

‘क्रॅशलूपबॅकऑफ’ आलं की काय करायचं?

पॉड पडतोय, कुबरनेटीस त्याला उठवतंय, तो पुन्हा पडतोय. प्रत्येक वेळी ते थोडं जास्त थांबतं, १० सेकंद, २०, ४०, असं करत ५ मिनिटांपर्यंत. पॉड पुसून पुन्हा बनवण्याआधी दोन कमांड द्या: ‘क्यूबसीटीएल लॉग्ज’ला ‘प्रीव्हियस’ जोडून, आणि ‘क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड’. पहिलीत मेलेल्या कंटेनरचे शेवटचे शब्द मिळतात. दुसरीत एक्झिट कोड दिसतो. तो १३७ असेल आणि कारण ‘ओओएमकिल्ड’ असेल तर मेमरीची मर्यादा ओलांडली गेली आहे. पावतीची पीडीएफ ब्राउझर इंजिनने बनवणारे वर्कर इथे नेहमी सापडतात. म्हणूनच लॅपटॉपवर मर्यादा काढून टाकू नका. प्रॉडक्शनची मर्यादा तशीच ठेवा आणि पन्नास पावत्या एकदम काढून बघा.

‘डॉकर स्टॉप’ दिल्यावर दर वेळी दहा सेकंद का लागतात?

कारण तुमचा प्रोग्राम थांबायचा निरोप ऐकतच नाही. डॉकर आधी सिगटर्म पाठवतं, १० सेकंद वाट बघतं आणि मग जबरदस्तीने मारतं. कुबरनेटीस ३० सेकंद थांबतं. बहुतेक वेळा डॉकरफाइलमधली शेवटची कमांड शेलमधून चालवलेली असते आणि निरोप शेलपाशीच अडतो. ती चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. हे मनावर घ्या. प्रत्येक डिप्लॉयला जुना पॉड असाच मारला गेला तर त्या क्षणी पैसे भरणाऱ्या पाहुण्याचं बुकिंग अर्ध्यावर राहतं.

रात्री केलेलं बुकिंग आदल्या तारखेला का पडतं?

कंटेनरमधलं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत कंटेनरच्या दृष्टीने कालचाच दिवस चालू असतो. उदाहरण घ्या. १ जानेवारीच्या रात्री दीड वाजता पार्टीहून परतणारा कोणी फोनवर ‘आजची खोली’ शोधतो. कंटेनरमध्ये तेव्हा ३१ डिसेंबरचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. डेटाबेस ‘करंट डेट’ला ३१ डिसेंबर म्हणतो आणि साइट त्याला वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या रात्रीचा भाव दाखवते, किंवा खोली नाहीच म्हणते. तुमच्या लॅपटॉपवर कंटेनरबाहेर हाच कोड अगदी बरोबर चालतो, कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर आहे. म्हणूनच ही चूक कंटेनरमध्ये चालवल्याशिवाय सापडत नाही.

कंटेनरचं घड्याळ बदलून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं करू नका. उद्या दुसऱ्या सर्व्हरवर ते सेटिंग राहून जाईल. वेळ यूटीसीतच साठवा, पण ‘आज’ ठरवताना कोडमध्ये ‘एशिया/कोलकाता’ हा झोन स्पष्ट लिहा. अल्पाइनच्या इमेजमध्ये झोनची माहिती आधीपासून नसते, तिथे ‘टीझेडडेटा’ पॅकेज घालावं लागतं.

क्रॉनजॉबलाही, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामालाही, हेच लागू. रोज सकाळी सातला यजमानांना यादी पाठवायची म्हणून सात लिहिलं, तर यूटीसीवरच्या क्लस्टरमध्ये ती दुपारी साडेबाराला जाते, तोवर पाहुणे दारात. कुबरनेटीस १.२७ पासून क्रॉनजॉबमध्ये ‘टाइमझोन’ हा रकाना पक्का झाला आहे. तो भरा.

पावतीत मराठीच्या जागी चौकोन येतात.

तुमच्या लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट आहेत, इमेजमध्ये नाहीत. ‘स्लिम’ इमेज लहान राहावी म्हणून तिच्यात कुठलेच फॉन्ट नसतात. डेबियनवर ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ घातलं की नोटो सान्स देवनागरी मिळतो. डॉकरफाइलला दोन टप्पे असतील तर तो शेवटच्या टप्प्यात घाला. बिल्डच्या टप्प्यात घातलेला फॉन्ट मागेच राहतो.

चौकोन गेले म्हणजे काम संपलं असं मात्र समजू नका. पावती उघडा आणि गावांची नावं नीट वाचा. ‘डिचोली’तली पहिली वेलांटी ड च्या आधी आहे का? ‘म्हार्दोळ’चा रफार द वर बसलाय की र पाय मोडून वेगळा उभा आहे? काही पीडीएफ लायब्ररी अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवतात, जोडाक्षरं करत नाहीत. त्यांना हार्फबझसारखं अक्षरजुळणीचं इंजिन लागतं. ब्राउझर इंजिनमधून पीडीएफ काढली तर ते आपोआप होतं, फक्त मेमरी जास्त लागते. ज्या यजमानाचं घर आहे त्याच्या गावाचं नाव पावतीवर मोडकं छापून जाणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून या एका तपासणीसाठी मी टेस्टमध्ये अवघड नावांची यादीच ठेवायला सांगतो: म्हार्दोळ, डिचोली, कुंकळ्ळी, केपें, काणकोण.

पोस्टग्रेसचा पासवर्ड बदलला, तरी जुनाच लागतो.

तो पासवर्ड फक्त पहिल्यांदा, रिकाम्या व्हॉल्यूमवर (कंटेनर गेला तरी टिकणाऱ्या साठ्यावर) डेटाबेस तयार होताना वाचला जातो. नंतर बदलायचा तर डेटाबेसच्या आत शिरून बदला. ‘डॉकर कंपोज डाउन’ला ‘-व्ही’ जोडूनही प्रश्न सुटतो, पण त्याने सगळा डेटा पुसला जातो हे आधी लक्षात घ्या.

काम चालू असताना वीज गेली तर?

लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. म्हणजे बहुतेक वेळा क्लस्टर चालू राहतो आणि फक्त नेट जातं. इमेज आत लोड केलेल्या असतील आणि पुलची पॉलिसी ‘ऑल्वेज’ नसेल तर काम थांबत नाही. नेमकं जून-जुलैत याचं मोल कळतं.

डेस्कटॉप असेल आणि तो एकदम बंद पडला, तर एका नोडचा क्लस्टर बहुधा पुन्हा उठतो. नाही उठला तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, पुसा आणि नवा बनवा. त्यासाठी क्लस्टरची कॉन्फिग, डेटाबेसच्या मायग्रेशन आणि नमुन्याचा डेटा हे सगळं गिटमध्ये हवं. चवथीच्या सुट्टीला जाताना मिनीक्यूब आणि के३डी ‘स्टॉप’ करून ठेवता येतात, परतल्यावर ‘स्टार्ट’.

मॅकवर बनवलेली इमेज सर्व्हरवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देते.

एम१ आणि त्यानंतरचे मॅक एआरएम प्रोसेसरचे आहेत, सर्व्हर बहुधा एएमडी६४ प्रोसेसरचे. बिल्ड करताना ‘प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ द्या. बिल्ड हळू होईल, म्हणून सर्व्हरसाठीची इमेज सीआयवरच बनवलेली बरी.

सीक्रेट गिटमध्ये टाकलं तर चालेल ना? ते तर सांकेतिक असतं.

नाही चालणार. ते फक्त बेस६४ असतं, कोणीही एका कमांडने उलगडतं. लॅपटॉपसाठी खोटे पासवर्ड वापरा, खरे तिथे आणूच नका.

लॅपटॉप समजून चुकून प्रॉडक्शनवर ‘डिलीट’ दिलं जाईल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. क्यूबसीटीएल ज्या कॉन्टेक्स्टवर (निवडलेल्या क्लस्टरवर) आहे तिथे निमूट काम करतं, विचारत नाही. प्रॉडक्शनची कॉन्फिग वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ती फक्त गरज असेल तेव्हा, वेगळ्या टर्मिनलमध्ये, ‘क्यूबकॉन्फिग’ व्हेरिएबलने लावा. टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये चालू कॉन्टेक्स्टचं नाव सतत दिसू द्या. स्क्रिप्टमध्ये कॉन्टेक्स्ट नेहमी नावाने लिहा. आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी प्रॉडक्शनचे पूर्ण अधिकार देऊ नका. त्याच्यावर विश्वास आहे की नाही हा मुद्दा नाही, त्याला निर्धास्तपणे शिकता यावं हा आहे.

डिस्क भरत चालली आहे. काय पुसू?

‘डॉकर सिस्टिम डीएफ’ने आधी बघा कशाने किती जागा घेतली आहे. जुन्या इमेज आणि बिल्डची कॅशे ‘डॉकर सिस्टिम प्रून’ने जाते. व्हॉल्यूम त्यात आपणहून जात नाहीत, आणि तेच बरं आहे, कारण डेटाबेस तिथे असतो. नेट कमी असेल तर ‘-ए’ जोडण्याआधी थांबा. ते कुठल्याही कंटेनरला न लागणाऱ्या सगळ्या इमेज काढतं, आणि पेनड्राइव्हवरून आणलेल्या बेस इमेजही त्यात जातात. टार फाइली जपून ठेवल्या असतील तर खुशाल पुसा.